किल्ली चांगली, खिळा वाईट

किल्लीकाकांच्या दुकानात एका वेळी दीड माणूस मावतो. एक काका स्वतः आणि अर्धं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचा उरलेला अर्धा भाग बाजाराच्या बोळात उभा असतो. जागा जिन्याखालची. वरून कोणी चढू-उतरू लागलं की फळ्यांतून धूळ पडते आणि काका मान वर न करता सांगतात, "हा शिंपी. जेवायला निघाला. ही बाई पिशवी विसरली, परत येणार." आणि बाई खरंच परत येते.

दुकानाच्या तोंडाशी एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर काकांनी स्वतःच्या हातानं दोनच वाक्यं रंगवली आहेत: 'किल्ली करून मिळेल. दार दाखवावे लागेल.' दुसऱ्या वाक्यापायी आजवर बरीच गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून निघून गेली. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन येणारे, "साहेबांनी पाठवलंय" म्हणणारे, "माझ्याच भावाचं कपाट आहे हो" म्हणणारे. काका हसून म्हणतात, "मग भावालाच घेऊन या की. चहा मी पाजतो."

दार दाखवल्यावरही त्यांची एक रीत आहे. किल्ली घासून झाली की ते ती स्वतः कुलपात फिरवून बघत नाहीत. पुसून मालकाच्या हातात देतात, दोन पावलं मागे सरतात आणि पाठ करून उभे राहतात. "पहिली फिरवणी मालकाची," एवढंच म्हणतात. आतला खटका सरकल्याचा आवाज आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरतं, ते बघायला शेजारचा छत्रीवाला हातातलं काम खाली ठेवतो. आवाज नाही आला, तर किल्ली परत व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून दोन हात कानस मारतील, पण मालकाच्या आधी फिरवणार नाहीत. चाळीस वर्षांत कधी नाही.

अशा माणसानं स्वतःच्याच फोनचं काय करून ठेवलं, त्याची ही हकिगत.

काका सकाळी आधी वाचनालय उघडतात, मग दुकान. चौतीस वर्षांपूर्वी वाचनालयाचं एक लोखंडी कपाट अडलं होतं, ते त्यांनी पत्र्याला ओरखडाही न पाडता उघडलं आणि नव्या किल्लीची पहिली फिरवणी त्या वेळच्या म्हाताऱ्या ग्रंथपालांकडून करून घेतली. ग्रंथपाल म्हणाले, "कपाट उघडणारे पुष्कळ पाहिले. उघडताना आत न डोकावणारा तूच पहिला." आणि त्यांनी मोठ्या दाराची वीतभर लांब किल्ली काकांच्या हातात ठेवली. ती तेव्हापासून काकांच्या खिशात. एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये होता तर कुबड्यांवर गेले. वर्तमानपत्रासाठी पायरीवर येऊन बसणारी चार म्हातारी मंडळी त्या दिवशी घड्याळ लावून बसली होती. साडेआठला दार उघडलंच.

आता त्या दाराला नवं कुलूप बसलं होतं. त्याला किल्लीचं भोकच नाही. फोन जवळ धरायचा, म्हणजे ते उघडतं. वरच्या कार्यालयाचं म्हणणं पडलं की कुलूपवाल्या कंपनीचाच माणूस ठेवू. हल्लीच्या ग्रंथपालबाई अडून बसल्या. "कुलूप कुठलंही लावा, उघडणार किल्लीकाकाच." शेवटी ठरलं असं की सोमवारी सकाळी नऊ वाजता कार्यालयाचे साहेब येतील आणि काकांनी आपल्या फोननं दार उघडून दाखवायचं. उघडलं तर काम त्यांचं. नाही उघडलं तर मंगळवारपासून कंपनीचा माणूस.

"मला तोंडघशी पाडू नका हं काका," बाई हसत म्हणाल्या. काकाही हसले. पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर दोनदा घातली, आणि पिऊन झाला तरी त्यांना कळलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी त्या कुलपाचं अ‍ॅप फोनमध्ये घ्यायला घेतलं. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

"अगं, हा म्हणतोय जागा नाही," काकांनी फळीच्या पार्टिशनवर टकटक केलं.

पार्टिशनपलीकडे, जिन्याच्या उंच बाजूला, त्यांची पुतणी बसते. ती फोन दुरुस्त करते. हातात कायम बारीक चिमटी, म्हणून सगळा बाजार तिला चिमटीच म्हणतो. तिच्या बोलण्याचाही त्या नावाला हातभार आहे, असं छत्रीवाल्याचं मत. लहानपणी काकांशेजारी बसून ती कानस धरायला शिकली, आणि किल्लीवर स्थिरावलेला तो हात आता तांदळाएवढ्या भागांवर चालतो.

"जागा कशी असेल?" ती म्हणाली. "अकराशे फोटो आहेत त्यात, आणि सगळे कुलपांचे! काकूंचा एक तरी आहे का?"

"तुझी काकू रोज दिसते. ती कुलपं परत दिसत नाहीत."

"फोटो मी माझ्या कॉम्प्युटरवर काढून घेते. झालं काम."

झालं असतंही. पण समोरच्या स्टुलावर तारमामा बसले होते. तारमामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. टेलिफोनच्या तारा ओढण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यापासून खांबावर चढणं बंद, पण डोकं अजून वरच असतं. दुपार झाली की स्टूल त्यांचं.

"फोटो कशाला काढता भाऊजी?" मामा म्हणाले. "फोटो तुमचे. अडगळ त्यांची. ती काढा. शेअर बाजार, कुठल्या कुठल्या खेळांच्या बातम्या, नुसतं राशिभविष्य सांगायला एक वेगळं अ‍ॅप. हे तुम्ही मागितलं होतं?"

"नाही बुवा. पण ते निघत नाही. मी बघितलंय."

"निघत नाही, कारण कंपनीनं आतून कडी घातलीय. फोन रूट करा. रूट करणं म्हणजे फोनच्या मुळाशी जाऊन पूर्ण अधिकार आपल्या हातात घेणं. मग कुठलीही खोली उघडा, काहीही बाहेर फेका. अहो, घर विकत घेतलं, आणि आतल्या एका खोलीला कुलूप बांधणाऱ्याचं! चालवून घ्याल का तुम्ही?"

हे शेवटचं वाक्य बरोबर वर्मी लागलं. काकांनी कानस खाली ठेवली.

चिमटी पार्टिशनच्या कडेनं डोकावली. "मामा, तुम्ही काकांना चढवू नका."

"मी कुणाला चढवत नाही. मी आयुष्यभर स्वतः चढलोय. हा माझा फोन बघ. नऊ वर्षांचा. कंपनीनं केव्हाच सांगितलं, याला आता आमच्याकडून काही मिळणार नाही. मी रूट केला, नवी सिस्टीम घातली. त्यांच्या लेखी मेलेला फोन माझ्या खिशात ठणठणीत वाजतोय."

"तुमच्या फोनवर तुम्ही करता काय? गाणी ऐकता आणि आम्हाला सल्ले पाठवता."

"सल्ले फुकट असतात म्हणून किंमत नाही तुला."

चिमटीनं आपला खालचा खण ओढला आणि तो आख्खा खणच काकांसमोर आणून ठेवला. आत सात फोन होते. काळेभोर, गप्प. "या माझ्या विटा," ती म्हणाली. "यातला एकही पाण्यात पडलेला नाही. एकही गाडीखाली आलेला नाही. सगळे मालकांनी घरी बसून, हौसेनं रूट करताना मारलेत. मधेच काहीतरी चुकलं की फोनची वीट होते. पुढं ऐका. फोनचं मुळातलं कुलूप उघडलं की पहिल्याच पायरीला आतलं सगळं पुसलं जातं. आणि पुसून, उघडून, नीट झाला तरी बँकेची अ‍ॅपं असल्या फोनला दारात उभं करत नाहीत."

"माझी बँक काकूच्या पिशवीत असते," काका म्हणाले.

"काका, मी गंमत करत नाहीये."

"अगं, पण मामा म्हणतात ते खोटं आहे का? माझी वस्तू. तिच्यात अशी एक जागा, की तिथं मलाच जाता येत नाही. जन्मभर लोकांना त्यांची दारं उघडून दिली, आणि माझ्या खिशात दुसऱ्याचं कुलूप घेऊन फिरू?"

काकांचा आवाज चढला नव्हता, पण हनुवटी चढली होती. अशा वेळी काकूसुद्धा बोलणं थांबवून भाजी चिरायला घेतात. "बरं," ती म्हणाली. "अकराशे कुलपं आधी माझ्याकडे उतरवून घेते. मग करा काय करायचं ते. पण मी हात लावणार नाही."

"मी आहे ना," मामा म्हणाले.

आणि मामांनी ते केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. तासाभरात, वीट न होऊ देता, फोन रूट झाला. काकांनी तो हातात घेतला तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. फोन मात्र सारखा काही ना काही विचारू लागला. याला पूर्ण अधिकार देऊ का? त्याला देऊ का? चार वेळा 'हो' केल्यावर मामा वैतागले. "भीक नको, पण कुत्रा आवर!" म्हणून त्यांनी 'पुन्हा विचारू नका' यावर खूण करून टाकली. संध्याकाळी वाचनालयाकडून निरोप आला. त्यात नव्या कुलपाचा कोड होता, एकदाच चालणारा. काकांनी तो न उतरवता तसाच फोनमध्ये राहू दिला. कोड कागदावर लिहिणं त्यांना पायपुसण्याखाली किल्ली ठेवण्यासारखं वाटलं.

रविवारी बाजार बंद असतो. सकाळी काका आणि मामा काकांच्या घरी टेबलाशी बसले आणि अडगळ काढायला लागले. काकांची पद्धत ठरलेली. कुलूप खोललं की एकेक पीन काढायची आणि दर वेळी फिरवून बघायचं. फिरतंय ना, मग पुढची काढायची. तेच त्यांनी इथं लावलं. एक अ‍ॅप काढायचं आणि काकूंच्या बटणांच्या फोनवर फोन लावायचा. वाजला की दुसरं काढायचं.

"अहो, किती वेळा फोन करताय मला? मी इथंच उभी आहे!" काकू ओट्याशी म्हणाल्या.

"तू उचलू नकोस, नुसता वाजू दे."

शेअर बाजार गेला. खेळ गेले. राशिभविष्य गेलं. "आपलं भविष्य आपल्या हातानं पुसलं," मामा म्हणाले आणि दोघं पोट धरून हसले. मग नावावरून काहीच उमगत नाही अशा वस्तू आल्या. काकांचा त्यावरही नियम होता: जी पीन काढून कुलूप फिरतं, ती पीन फालतू. अकरा वस्तू निघाल्या. अकराही वेळा काकूंचा फोन वाजला.

"आता एकदा बंद करून चालू करा," मामा म्हणाले. "म्हणजे मोकळा श्वास घेईल."

फोननं श्वास घेतला आणि पासवर्ड मागितला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. बहुतेक माणसं फोनला चार आकडे लावतात, किंवा बोटानं एखादी रेघ ओढतात. काका कुलूपवाले. चार आकड्यांच्या कुलपाला ते कुलूप मानतच नाहीत. त्यांचा पासवर्ड होता चौदा अक्षरांचा. आणि अक्षरं लिहायला जो कीबोर्ड पडद्यावर उगवतो, तो अकरा वस्तूंमधली सातवी वस्तू होता. फोन लागायला कीबोर्ड लागत नाही, त्यामुळे काकूंचा फोन बिचारा वाजत राहिला होता.

पडद्यावर नुसती एक रिकामी चौकट. काकांनी तिच्यावर बोट टेकवलं. दाबलं. घासलं. काही उगवेना.

"दिव्याखाली अंधार," काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "गावाची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्याच दाराबाहेर."

काकांनी चौकटीवर पुन्हा एकदा बोट दाबलं. उद्याच्या नऊचा कोड त्या चौकटीच्या आत होता.

अर्ध्या तासानं चौघं बंद बाजारातल्या जिन्याखाली जमली. चिमटीनं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, आणि मामांना तेच जास्त लागलं.

"पुसून टाकलं तर उघडेल का?" मामांनी हळूच विचारलं.

"उघडेल. पण कोड जाईल. कार्यालय आज बंद." मग तिनं कोपऱ्यातलं खोकं उपसलं आणि त्यातून जुन्या कॉम्प्युटरचा एक कीबोर्ड काढला. हातभर लांब, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात कसलासा डाग. बोटाच्या पेराएवढ्या जोडणीनं तिनं तो काकांच्या फोनला लावला. तळहाताएवढा फोन आणि त्याला हा फळकुटाएवढा कीबोर्ड. "नाकापेक्षा मोती जड," काकू म्हणाल्या.

"टाइप करा, काका."

काका हलेनात. "सगळे पलीकडे तोंड करा आधी."

तिघं भिंतीकडे वळली. मागून एकेका बोटाचा टक, टक ऐकू येऊ लागला.

"माझंच नाव असणार," काकू भिंतीला म्हणाल्या.

"तुझं नाव सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्याचा कुणी पासवर्ड ठेवतं का? गप्प बस, चुकेल."

दोनदा चुकलंच. तिसऱ्या वेळी फोन उघडला. काकांनी कोड निमूटपणे कागदावर उतरवला आणि कागद खिशात ठेवून वरून हात दाबून धरला. चिमटीनं कीबोर्डचं अ‍ॅप परत घातलं. फोटो गेल्यामुळे जागा आता मुबलक होती. "काल नुसतं झाडून घेतलं असतं तरी एवढी झाली असती," एवढंच ती म्हणाली. मग वाचनालयाच्या कुलपाचं अ‍ॅप आलं. काकांनी उघडलं.

कोड मागण्याच्या आधीच त्यावर एक वाक्य उमटलं: 'या फोनवर विश्वास ठेवता येत नाही.'

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. चाळीस वर्षांत कुणी त्यांना हे म्हटलं नव्हतं. साबणावर ठसा घेऊन येणाऱ्यांनीसुद्धा नाही. ते स्टुलावर बसले, तारमामांच्या स्टुलावर, आणि मामा उभे राहिले.

"तुम्हाला नाही हो म्हणत ते," चिमटी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "ते म्हणतंय, या घरात एक अशी किल्ली आहे की जिनं सगळी दारं उघडतात. आणि ती आत्ता कुणाच्या हातात आहे, ते मला इथून दिसत नाही. म्हणून मी माझी वस्तू या घरात ठेवणार नाही."

"दिसत कसं नाही? माझ्या हातात आहे."

"तुम्ही दर वेळी 'हो' म्हटलंत का?"

काकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी छत्रीवाल्याच्या बंद फळीकडे पाहिलं. "मी विचारणं बंद करून टाकलं काल," ते म्हणाले. "फार विचारत होता."

काकांनी हातातला फोन उलटासुलटा करून पाहिला. मग एकदम हसले. नेहमीचं नव्हे, काहीतरी जुनं सापडल्यासारखं.

"मामा, तुम्हाला खानावळवाल्याची गोष्ट सांगितली होती का मी? चोवीस वर्षांचा होतो. उस्तादांकडे शिकत होतो. एका खानावळवाल्याच्या माडीवर बावीस भाड्याच्या खोल्या. म्हणाला, सगळ्या खोल्यांना एकच किल्ली करून दे. केली. काय किल्ली होती! लोण्यासारखी फिरायची. त्यानं ती स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली. सोयीची जागा. पंधरा दिवसांत तीन खोल्या साफ झाल्या. मी रडत उस्तादांकडे गेलो, म्हटलं माझ्या किल्लीनं चोरी झाली. उस्ताद म्हणाले, 'किल्ली चांगलीच होती रे. खिळा वाईट होता.' त्या दिवसापासून मी मालकाला दार दाखवायला लावतो." ते मामांकडे वळले. "आणि काल माझ्याच घरात, तुमच्या हातानं, खिळा ठोकून बसलो."

"खिळा मी ठोकला," मामा म्हणाले. "पण भाऊजी, किल्ली चांगली होती, एवढं तरी म्हणा."

"चांगलीच होती. तेच तर म्हणतोय."

"माझा फोन घेऊन जा उद्या," चिमटी म्हणाली.

"वाचनालयाची किल्ली दुसऱ्याच्या फोनात? चौतीस वर्षांत ती तुझ्या काकूच्या पिशवीतसुद्धा ठेवली नाही."

"ते बरंच केलंत," काकू म्हणाल्या. "माझ्या पिशवीत मलाच काही सापडत नाही."

मग एकच वाट उरली. फोन होता तसा करायचा: कंपनीची मूळ सिस्टीम परत घालायची आणि मुळातलं कुलूप पुन्हा लावायचं. चिमटीनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "होईल असं वाटतं. पण काही फोनांत हे कुलूप एकदा उघडलं की आत खूण राहते, ती जन्मात जात नाही. मग ते अ‍ॅप कायमचं नाहीच म्हणणार. तुमच्या फोनात तसं आहे का, ते केल्यावरच कळेल. आणि घातलेली सिस्टीम जराशी जरी वेगळी निघाली, तर तुमचा फोन माझ्या खणात. आठवी वीट."

"कर," काका म्हणाले.

दोन तास लागले. बाजारात चिटपाखरू नव्हतं. काकूंनी घरून चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही, म्हणून त्यांनी चारी कप एकट्यांनी संपवले. तारमामा आज सल्ला देत नव्हते. चिमटी म्हणेल ती तार ते उचलून देत होते, आणि मूळ सिस्टीमच्या नावातला लांबलचक आकडा त्यांनी स्वतःहून तीनदा ताडून पाहिला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "शेवटून दुसरं अक्षर बघ. हे आपलं नव्हे." खरंच नव्हतं. दुसऱ्या देशातल्या फोनांची सिस्टीम होती ती. चिमटीनं बरोबरची शोधली आणि मामांकडे न बघता म्हणाली, "आठवी वीट तुम्ही वाचवलीत." मामांनी उगाच घसा खाकरला.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला: कुलूप लावायचं? सगळं पुसलं जाईल. हो की नाही?

चिमटीनं बोट पुढं नेलं आणि मधेच थांबली. फोन काकांच्या हातात दिला, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली. "पहिली फिरवणी मालकाची," ती म्हणाली.

मामांनीही पाठ केली. काकू म्हणाल्या, "मी बघणार," आणि बघत राहिल्या.

काकांनी दाबलं. फोन काळा झाला. काळाच राहिला. काकूंनी चिमटीच्या उघड्या खणाकडे एक नजर टाकली. मग पडद्यावर उजेड आला आणि शेअर बाजार, खेळ, राशिभविष्य अशी सगळी मंडळी एकामागून एक परत येऊन बसली. एवढ्या आपुलकीनं त्यांच्याकडे कधी कुणी पाहिलं नसेल. काकांनी वाचनालयाचं अ‍ॅप पुन्हा घेतलं. उघडलं. पांढरा पडदा. एक चाक फिरत राहिलं.

मग अ‍ॅपनं कोड विचारला.

"विचारला!" काका इतक्या जोरात म्हणाले की रविवार असूनही बोळाच्या टोकाला कुणीतरी खिडकी उघडली.

सोमवारी नऊला वाचनालयाच्या पायरीवर गर्दीच होती. कार्यालयाचे साहेब, कंपनीचा माणूस, ग्रंथपालबाई, आणि वर्तमानपत्रवाली ती चार म्हातारी मंडळी, साडेआठपासून बसलेली आणि म्हणून चिडलेली. थोड्या अंतरावर काकू, चिमटी आणि तारमामा, सहज फिरायला आल्यासारखे.

काकांनी फोन काढला, अ‍ॅप उघडलं, सदऱ्याला पडदा पुसला आणि फोन ग्रंथपालबाईंच्या हातात दिला. दोन पावलं मागे सरून पाठ करून उभे राहिले.

"अहो, उघडायचं तुम्ही आहे," साहेब म्हणाले.

"दार वाचनालयाचं आहे," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "पुढं रोज मीच उघडेन."

बाईंना ही रीत ठाऊक होती. त्यांनी फोन दाराजवळ धरला. आत कुठंतरी बारीकसं टिक झालं आणि दार ढिलं पडलं.

"झालं?" काकांनी वळून विचारलं. "एवढाच आवाज? याला काही चव नाही." पण हसू मात्र तेच होतं. छत्रीवाला दुकान टाकून आला होता, त्याचं येणं वाया गेलं नाही.

कंपनीच्या माणसानं कागदावर खुणा करत विचारलं, "फोन रूट वगैरे केलेला नाही ना कधी?"

"केला होता," काका म्हणाले. "शनिवारी. रविवारी निस्तरला. त्याचं असं झालं, मी चोवीस वर्षांचा असताना एक खानावळवाला..."

"गोष्ट आत जाऊन सांगा!" पायरीवरून चार आवाज एकदम उठले. "आधी पेपर द्या!"

काम काकांकडेच राहिलं. वीतभर लांब जुनी किल्ली त्यांनी त्याच दिवशी बाईंना परत केली. बाईंनी ती टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवली आहे. तिथून कुणाला काही उघडता येत नाही, याची काकांनी आधी खात्री करून घेतली.

पुढच्या आठवड्यात चिमटीनं आपल्या बाजूला एक नवी पाटी लावली: 'फोन रूट करून मिळणार नाही. का, ते शेजारी विचारा.' लोक विचारतात. काका कानस खाली ठेवून खानावळ, बावीस खोल्या आणि खिळा सगळं पहिल्यापासून सांगतात. आता त्यात रविवारचीही भर पडली आहे, कीबोर्डसकट. त्या ठिकाणी गिऱ्हाईक हसतं आणि काकाच सर्वांत जास्त हसतात. स्टुलावरून तारमामा विरुद्ध बाजू मांडतात. घर विकत घेतलं आणि आतल्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप, हे त्यांनी सोडलेलं नाही, आणि सोडावं असं काकांनाही वाटत नाही.

एवढं ऐकूनही कुणी अडून बसलं, तर काका तीन गोष्टी विचारतात. "यात बँक आहे? दुसऱ्या कुणाची किल्ली आहे? वीट झाली तर रडाल?" तिन्हींना 'नाही' आलं, की ते मामांकडे बोट दाखवतात. छत्रीवाल्याचा, कंपनीनं टाकून दिलेला, सात वर्षांचा फोन असाच मामांनी रूट करून दिला. त्यावर तो दिवसभर गाणी ऐकतो. मात्र करून देताना मामा आता त्यातलं 'पुन्हा विचारू नका' कधी दाबत नाहीत. फोन दर वेळी विचारतो, आणि छत्रीवाला दर वेळी छत्री खाली ठेवून, नीट वाचून, मगच उत्तर देतो.

"डोकं खातोय हा," तो म्हणतो.

"खाऊ दे," जिन्याखालून काका म्हणतात. "दारात उभा राहून विचारतोय ना, मग ठीक आहे."